अनोळखी हात आणि जंगमाची ओळख

मठात दर्शनाला येणाऱ्या भक्तमंडळींच्या तोंडून एक गोष्ट वारंवार कानी पडते. प्रसंग निरनिराळे असतात, गोष्ट एकच असते. "स्वामीजी, अगदी कोंडीत सापडलो होतो. जवळ ओळखीचे कोणी नव्हते. तेवढ्यात एक माणूस आला, काम करून निघून गेला. नाव विचारायचेही राहिले. तो शिवच असेल का हो?" विचारणाऱ्याचे डोळे पाणावलेले असतात. या प्रश्नाला "होय" म्हणणे सोपे, आणि "तसे काही नसते" म्हणणे त्याहूनही सोपे. परंतु शरणांच्या वाटेने चालणाऱ्याने या दोन्ही उत्तरांच्या अलीकडे क्षणभर थांबावे, कारण या प्रश्नात आपल्या धर्माचे एक मर्म दडलेले आहे.

ते मर्म 'जंगम' या शब्दात आहे. गुरू, लिंग आणि जंगम ही आपली पूज्य त्रयी. गुरू मार्ग दाखवतो, लिंग करतळावर विराजते. जंगम मात्र चालतो, म्हणजे तो केव्हा, कोठून आणि कोणत्या वेषात येईल हे आपल्या हाती नसते. श्रीमंतांनी बांधलेल्या देवालयांविषयीच्या प्रसिद्ध वचनात बसवण्णांनी स्थावर आणि जंगम यांतला भेद सांगितला, तो केवळ दगडी देवळापुरता नव्हे. जे एका जागी थिजून बसते त्यात शिवाला कोंडू नका, जे चालते-बोलते आहे तेथे त्याला ओळखा, ही त्या वचनाची शिकवण आहे. जंगम या शब्दाचा अर्थ एखाद्या वेषापुरता किंवा कुळापुरता आवळला, की चालणारा शिव आपल्या दारावरून निघून जातो आणि आपल्याला कळतही नाही.

एक उदाहरण पाहू. सीमाभागातील लोकांना मिरज हे गाव दवाखान्यांमुळे घरच्यासारखे परिचित आहे. चिकोडी भागातील एक भक्त आपल्या पत्नीला बाळंतपणासाठी तेथे घेऊन गेले होते. रात्री रक्तस्राव थांबेना. डॉक्टरांनी रक्त आणायला सांगितले. रक्तपेढीत त्या गटाची पिशवी होती, पण बदली रक्तदाता हवा होता. भक्ताची स्वतःची प्रकृती अशी की त्यांचे रक्त चालण्यासारखे नव्हते. नातलग संध्याकाळच्या एस.टी.ने गावी परतलेले. शेजारच्या खाटेवर एक वृद्ध गृहस्थ होते, त्यांचा मुलगा उशाशी बसून होता. त्याने हे बोलणे ऐकले, वडिलांच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले आणि म्हणाला, "चला, मी येतो." बदलीत कोणत्याही गटाचे रक्त चालते. त्याने ते दिले, चहा घेतला आणि पुन्हा वडिलांच्या उशाशी जाऊन बसला. पहाटे त्या वृद्धांना दुसरीकडे हलवले. या भक्ताला त्या तरुणाचे नाव, गाव, जात काहीच कळले नाही.

आता यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या माउलीच्या शरीरात जे रक्त गेले, ते त्या तरुणाचे नव्हतेच. ते आधीच पेढीत साठवलेले, आणखी कोणा अनोळखी माणसाचे होते. साठवलेले रक्त सुमारे पाच आठवडे टिकते. म्हणजे हे संकट उद्भवण्यापूर्वीच कोणीतरी, कोणत्यातरी गावच्या शिबिरात किंवा अशाच एखाद्या रुग्णालयात, हात पुढे करून गेले होते. पिशवीवर गट होता, क्रमांक होता, दात्याचे नाव नव्हते. पूर्वी पैसे घेऊन रक्त देणारे धंदेवाईक दातेही असत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून ती पद्धत बंद करण्यात आली. तेव्हा ती पिशवी विकत घेतलेली नव्हती, दिलेली होती. कृपा संकटाच्या मागून धावत येत नाही, कित्येकदा ती आधीच निघालेली असते. आपली आणि तिची गाठ तेवढी संकटात पडते.

मग तो तरुण शिव होता काय? सद्भक्तहो, येथे आपली जीभ जरा सांभाळावी. "तो माणूस नव्हता, देवच होता" असे आपण भाबडेपणाने म्हणतो, तेव्हा नकळत त्या माणसाचे श्रेय हिरावून घेतो. त्याला झोप आली होती. त्याचे वडील आजारी होते. तोही परगावच्या दवाखान्यात तुमच्यासारखाच एकटा होता. आपले दुःख उशाशी ठेवून तो उठला, यातच त्याचे मोठेपण आहे. देवाला झोप मोडावी लागत नाही, माणसाला लागते. शरणांनी माणसाला पुसून त्याच्या जागी शिव मांडला नाही. त्यांनी माणसात शिव पाहिला. तो काही चमत्कार म्हणून अंतर्धान पावला नाही, वडिलांना घेऊन पुढच्या दवाखान्यात गेला, कारण त्याचे कर्तव्य तेथे होते.

यापुढचा प्रश्न कठीण आहे आणि तो टाळून प्रवचन पुरे करणे हा लबाडपणा होईल. ज्यांच्यापर्यंत कोणताच हात पोहोचला नाही, त्यांचे काय? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून माणसे दमून झोपलेली. सुमारे दहा हजार जीव दगडमातीच्या घरांखाली गेले. त्यांत लिंगपूजा केल्याशिवाय अन्न न घेणारे कितीतरी होते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी कृष्णेच्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना सुरक्षित जागी नेणारी नावच उलटली आणि बायका-मुले बुडाली. ज्याला हात मिळाला त्याच्यावर शिवाची कृपा, असे म्हणावे, तर ज्याला मिळाला नाही त्याच्यावर अवकृपा म्हणायची काय? ज्या घरातून तिरडी उठली, त्या घराच्या ओसरीवर बसून "मला मात्र देवाने वाचवले" असे म्हणणाऱ्या भक्ताला शरण कोण म्हणेल?

याचे उत्तर कल्याणच्या इतिहासात शोधावे लागते. समगार हरळय्या आणि ब्राह्मण कुळातील मधुवय्या यांनी शरणधर्म स्वीकारून आपल्या मुलामुलीचा विवाह केला. त्यासाठी बिज्जलाच्या आज्ञेने दोघांनाही प्राणदंड झाला, असे परंपरा सांगते. त्यांना सोडवायला कोणताही हात वेळेवर पोहोचला नाही. म्हणून गेल्या आठ शतकांत कोणी म्हणाले काय, की हरळय्यांवर शिवाची कृपा नव्हती? आपण तर त्यांचे नाव घेऊन मस्तक नमवतो. यावरून स्पष्ट होते, की शरणांनी कृपेचे माप सुखरूपतेवर केले नाही. मी वाचलो, ही शिवाची खूण नव्हे. ज्याचे माझ्याशी काही नाते नाही, त्याच्या अंतःकरणात माझ्यासाठी कळवळा उपजला, ही शिवाची खूण. नाव पोहोचो वा उलटो, ती नाव घेऊन निघण्याची बुद्धी जेथे झाली, तेथे तो होताच.

किल्लारीतही तो दिसला. ज्यांनी लातूर जिल्हा नकाशावरही पाहिला नव्हता, अशी माणसे देशाच्या कानाकोपऱ्यातून ढिगारे उपसायला आली. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्तांची सुमारे १२०० मुले पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. ही मुले कोणत्या देवाला हात जोडतात, हे पाहून त्यांना ताट वाढले गेले नाही. अशा वेळी मरण पावलेल्यांच्या दुःखाला उत्तर मिळते असे आम्ही म्हणणार नाही. आईच्या दुःखाला प्रवचन पुरत नाही. पण त्या आईशेजारी येऊन बसणारे कोणीतरी असावे, एवढे आपल्या हाती आहे. शिवाने आपले काम पुष्कळदा आपल्याच हातांवर सोपवले आहे.

म्हणून अनोळखी माणसाची मदत हा आपल्या पुण्याईचा दाखला समजून पेटीत ठेवू नये. तो प्रसाद समजावा. प्रसादाचा नियम आपण सारे जाणतो. तो मिळाला म्हणजे मस्तकी लावायचा, सेवन करायचा आणि वाटायचा. साठवलेला प्रसाद नासतो. "त्या माणसाचे उपकार कसे फेडू? पत्ता तर ठाऊक नाही," असे तो भक्त विचारीत होता. फेडायचे नसतातच. सावकाराचे कर्ज सावकाराला परत जाते. जंगमाचे ऋण मात्र पुढच्या जंगमाकडे जाते. यालाच शरणांनी दासोह म्हटले. दान देताना 'मी देतो' हा भाव मनाच्या कोपऱ्यात उरतो. दासोहात 'दासोऽहम्', मी दास आहे, एवढेच उरते. घेणारा श्रेष्ठ, कारण त्याच्या रूपाने शिव सेवा स्वीकारीत आहे.

हे मोठ्या धनिकांनाच साधते असे नाही. आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा हे दांपत्य सांडलेले तांदूळ वेचून त्यातून दासोह करीत असे. एके दिवशी मारय्यांनी गरजेपेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्मांनी ते परत पाठवले. आपल्या काळात तुमकूरच्या सिद्धगंगा मठाचे डॉ. शिवकुमार महास्वामीजी (१९०७–२०१९) यांनी हजारो मुलांना, जातपात न पाहता, अन्न, निवारा आणि विद्या दिली. वेचलेल्या मूठभर तांदळापासून त्या मोठ्या पंगतीपर्यंत सूत्र एकच आहे.

सीमाभागातील आपल्या बंधूंना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. दारी आलेला कोणाचा कोण हे विचारीत न बसता त्याला आपल्या घरचाच मानण्याची बुद्धी दे, अशी प्रार्थना बसवण्णांनी कूडलसंगमदेवाजवळ केली. त्या काळी प्रश्न जातीचा होता. आज कित्येकदा रस्त्यावर पडलेल्याला उचलण्याआधी तो मराठी की कानडी, हे पाहिले जाते. ज्या वचनांवर आपला पिंड पोसला ती कानडीत प्रगटली. कोणीतरी श्रम करून ती मराठीत आणली, म्हणून आपल्या आजीच्या ओठांवर आली. म्हणजे वचन हेच मुळी परक्या ओसरीवरून आपल्या घरी आलेले जंगम आहे. त्याला घरात घेणाऱ्याने माणसाला दारात अडवू नये.

तेव्हा सद्भक्तहो, या महिन्यात एक छोटा नेम करा. तब्येत धड असेल त्याने एकदा रक्त द्यावे, कोणाला जाईल हे न विचारता. दवाखान्यात आपल्या माणसाजवळ बसलेल्याने शेजारच्या खाटेकडेही एकदा पाहावे आणि डबा उघडताना एक भाकरी तिकडे सरकवावी. ज्याला हे जमत नसेल त्याने चुकलेल्या वाटसरूला चार पावले सोबत करावी. आणि काम झाल्यावर नाव सांगण्यासाठी थांबू नये.

इष्टलिंग आपण डाव्या तळहातावर घेऊन पूजतो. त्यासाठी हात उघडा असावा लागतो, मुठीत लिंग राहत नाही. पूजा संपल्यावर तोच हात दिवसभर उघडा राहिला, तर संध्याकाळी कोणी परका कोठेतरी आपल्या घरी सांगत असेल, "एक माणूस आला आणि काम करून गेला, नाव विचारायचे राहून गेले." तो कोण होता, हे शिवाला ठाऊक असले म्हणजे पुरे.

परशिव आपणा सर्वांना अशी बुद्धी देवो.

शरणु शरणार्थी.