मण्यातली हवा

सावकाश वाचा. मध्ये थांबलात तरी चालेल. काचेचा मणी घडवण्याच्या कामाला घाई मुळात सोसत नाही.

समोर टेबलाला घट्ट बसवलेला बर्नर आहे असं समजा. गॅस आणि ऑक्सिजन मिसळून निळसर, टोकदार ज्योत बाहेर पडते आहे. व्हेनिसचे कारागीर पूर्वी हेच काम तेलाच्या दिव्यावर करत आणि ज्योतीला भात्यानं वारा घालत. १२९१ मध्ये आगीच्या भयानं शहरातल्या काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या गेल्या. मण्याचं काम मात्र एका ज्योतीवर भागतं, म्हणून ते घराच्या खोलीतही होऊ शकलं. इटली आणि फ्रान्समधल्या या मणीकलेला २०२० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. आपल्याला आज त्यातला एकच मणी पाहायचा आहे, आतून पोकळ असलेला.

डाव्या हातात पोलादी सळई आहे. तिच्यावर मातीचा पातळ लेप वाळलेला आहे, नाहीतर काच पोलादाला कायमची चिकटेल. उजव्या हातात काचेची कांडी. ती एकदम ज्योतीत घालू नका, तडकून उडेल. आधी कडेच्या उबेत धरा, मग हळूहळू आत आणा. काच तापली की सोडियममुळे ज्योत पिवळी भडकते आणि त्या भडक्यामागे काचच दिसेनाशी होते. डिडिमियमचा चष्मा तो पिवळा रंग अडवतो. चष्मा घाला आणि नुसतं पाहा: कांडीच्या टोकाशी एक थेंब जमतो आहे.

सळई फिरवायला लागा. ती आता थांबणार नाही. मऊ काच खाली ओघळू पाहते, म्हणून ती सतत फिरती ठेवायची. तुमचा श्वास त्या फिरण्याच्या लयीत आला तर येऊ द्या.

सळईवर काचेचा एक वेढा घाला आणि थोडं अंतर सोडून दुसरा. दोन्हींवर आणखी वेढे चढवा. दोन चकत्या समोरासमोर उभ्या राहतात. त्या पुरेशा उंच झाल्या की पुढचे वेढे एकमेकांकडे झुकवायचे. फट अरुंद होत जाते. इथे मन रेंगाळू द्या, कारण या क्षणी चकत्यांमध्ये जे आहे ते खोलीतल्या हवेहून वेगळं नाही. तिला कुणी आत घातलेलं नाही, ती तिथे होतीच. शेवटचा वेढा बसतो, फट मिटते आणि तेवढी हवा आत राहते.

मणी अजून ओबडधोबड आहे. मधोमध शिवण दिसते, एक बाजू खचलेली आहे. ती चिमट्यानं सरळ करावी असं हाताला वाटेल. हात आवरा. फक्त फिरवत राहा आणि सगळीकडून सारखी आच द्या. आतली हवा तापते, फुगू पाहते, भिंतीला सगळ्या दिशांनी सारखीच रेटते. बाहेरून काचेचा पृष्ठताण ओढतो. शिवण विरघळते, खचलेली बाजू वर येते. तव्यावरची भाकरी विस्तवावर टाकल्यावर जिनं टम्म फुगताना पाहिली आहे, तिला हे लगेच कळेल. तिथे वाफ असते, इथे हवा. पण भोक राहिलं तर दोन्ही फुगत नाहीत.

मला या कामातली हीच जागा सर्वांत मोलाची वाटते. मण्याची गोलाई हातानं घडवलेली नाही. हातानं भिंत घातली, तीही शक्य तितक्या सारख्या जाडीची, कारण पातळ जागा आधी मऊ पडते आणि तिथेच फुगा येतो. पुढचं काम आत राहिलेल्या हवेनं केलं, आणि तिला बोट लावायला कुठूनही वाट नाही.

आता ज्योतीतून बाहेर या, फिरवणं सोडू नका. हवा निवताना आकसते. भिंत तोवर घट्ट झाली तर गोलाई टिकते, मऊ राहिली तर पुन्हा आत बसते. मग मणी सुमारे ५०० अंशांवर तापलेल्या छोट्या भट्टीत ठेवा. तिथून त्याला अगदी हळू निवू द्यायचं, म्हणजे काचेतला ताण सुटतो.

सतराव्या शतकात पॅरिसमध्ये जाकँ नावाच्या जपमाळा करणाऱ्यानं फुंकलेल्या पोकळ मण्यांना आतून माशाच्या खवल्यांच्या चमकीचा लेप दिला, मग वजनासाठी मेण भरलं. खोटे मोती झाले, आणि सुरेखच झाले. तरीही मी रिकामा मणीच निवडीन. त्याच्या भिंतीतून पलीकडचा उजेड येतो.

मणी गार झाला की पाण्यात भिजवा आणि पीळ देत सळई ओढून काढा. दोन्ही टोकांना भोकं उघडी होतात. घटाकाश समजावताना आपल्याकडे घडा फुटल्याचं सांगतात. फुटला की आतलं आकाश बाहेरच्यात मिळतं. इथे काहीच फुटत नाही. ज्या हवेनं गोलाई दिली ती निघून जाते, दुसरी येते, तीही जाते, आणि मणी गोलच राहतो. यावर हवं तेवढा वेळ थांबा.

मग आतली माती धुवा. बारीक ब्रश भोकातून फिरवा, पाणी भरा, हलवा, ओता. उरलेला कण पारदर्शक काचेतून कायम दिसत राहील, म्हणून हे पुन्हापुन्हा करा. ओवायला मऊ दोरा घेऊ नका. भरीव मण्यात भोकच दोऱ्याला नेतं. इथे मधली जागा मोकळी आहे, टोक आत भरकटतं आणि समोरचं भोक सापडत नाही. ताठ तार घ्या, मणी डोळ्यांसमोर आडवा धरा आणि एका भोकातून दुसऱ्याकडे बघत ओवा.