आधी कुणी सांगायचं?

(पुण्यात कोथरूडमधलं घर. एका स्वमग्न तरुणाची आई आणि तिची भाची ‘कीप द चेंज’ हा 2017चा अमेरिकी प्रेमपट पाहून उठल्या आहेत. मुलगा रविवारी एका मुलीला भेटणार आहे. ओळख त्याची त्यानंच काढली आहे.)

मावशी : मी तिच्या आईला आधी फोन करणार.

भाची : त्यानं सांगितलंय?

मावशी : त्याला काय विचारायचं? स्थळ बघताना साधा दमा लपवला तरी फसवणूक म्हणतात आपल्यात.

भाची : हे स्थळ नाही गं. दोघं ‘वैशाली’ हॉटेलात कॉफी पिणार आहेत. पहिल्या कॉफीला कोण फाईल घेऊन जातं?

मावशी : ती थट्टेत काही म्हणेल, हा खरंच धरेल. मग पीएमपीच्या बसमार्गांवर बोलत सुटेल. कारण कळायला नको तिला?

भाची : हवं ना. पण ते कुणी सांगायचं?

मावशी : सिनेमातला डेव्हिड बघ. पोलिसाला भलता विनोद ऐकवला म्हणून कोर्टानं स्वमग्नांच्या गटात धाडलं, तर तिथेही ‘मी तुमच्यातला नाही’ हाच तोरा. सगळा लपंडाव!

भाची : आणि त्याच गटातली त्याची प्रेयसी सारा जशी आहे तशी समोर उभी. तरी ती पसंत नाही डेव्हिडच्या आईला. लपवायला तो कुठे शिकला असेल?

मावशी : कळला टोमणा. पण त्या आईची भीती खोटी नाही. दोघंही तसेच, मग सांभाळणार कोण?

भाची : डेमियन मिल्टन हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न आहेत. त्यांनी 2012मध्ये मांडलं, की अडचण दुहेरी असते. स्वमग्न माणसाला इतर उमगत नाहीत, तसा इतरांनाही तो उमगत नाही. दोघं तसेच असले तर कदाचित सोपंच जाईल.

मावशी : उमगणं वेगळं, वीजबिल भरणं वेगळं.

भाची : तुमचं कोण भरतं?

मावशी : (हसून) तोच. तारीख चुकत नाही.

भाची : डेव्हिड-सारा झालेले ब्रँडन पोलान्स्की आणि सामंथा एलिसोफन स्वतः स्वमग्न आहेत. डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या पुण्याच्या जलतरणपटू गौरी गाडगीळनं 2014च्या ‘यलो’त स्वतःचीच भूमिका केली, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. पोहणं चालतं, पदक चालतं. प्रेम म्हटलं की फोन!

मावशी : पोहताना काठावर कोच असतो.

भाची : प्रेमात तो कुणाच्याच मुलाला नसतो. आणि 2016चा दिव्यांग हक्क कायदा तुझ्या मुलाला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता देतो.

मावशी : रात्री तो रडत बसला, तर कायदा येणार नाही समजूत काढायला. आणि त्या मुलीचं काय? तू त्याच्याच बाजूनं बोलतेयस.

भाची : तिचा हक्क खराच आहे. पण तू फोन केलास, तर तो खुर्चीवर बसायच्या आधी त्याचं निदान तिथे जाऊन बसेल.

मावशी : बरं, त्यालाच विचारते. ‘नाही सांगणार’ म्हणाला तर?

भाची : गप्प बसशील?

मावशी : कॉफीपुरती. पण ती नोकरी, घर, गाव बदलायला निघाली आणि तोवर हा बोललाच नाही, तर मी बोलेन. आधी त्याला सांगून, मग तिला.

भाची : तिच्या आईला नाही?

मावशी : नाही. तीही सज्ञान आहे.