देव मानला, पण भिस्त कोणावर?

शंका : मी लहानपणापासून मंडळीत वाढले. बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं, रविवारची उपासना सहसा चुकत नाही. देव आहे, प्रभू येशू माझ्यासाठी वधस्तंभावर मेला, यात मला तिळमात्र शंका नाही. पण मालकांना साखरेचा आजार आहे, मुलगा दोन वर्षं पुण्यात नोकरीसाठी फिरतोय, आणि रात्री माझा डोळा लागत नाही. एका प्रार्थनासभेत गेले तर म्हणाले, तुमचा विश्वास उणा आहे म्हणून आशीर्वाद अडलाय. प्रार्थना केलेल्या तेलाची बाटली दिली आणि ‘बी पेरा’ म्हणाले. मी दोन हजार रुपये दिले. फरक पडला नाही, तेव्हा हरेगावच्या मतमाउलीला, म्हणजे मरीयेला, नवस बोलले, आम्ही प्रोटेस्टंट असूनसुद्धा. आता हेही चुकलं असं वाटतं. मला विश्वास आहे की नाही? आणि असेल तर भरवसा का वाटत नाही?
– एक भगिनी, नेवासा तालुका

समाधान : ताई, तुम्ही शेवटच्या ओळीत विश्वास आणि भरवसा असे दोन शब्द वेगवेगळे लिहिलेत. उत्तर तिथेच आहे, पण दोन हजार रुपये गेल्याच्या दुःखात तुमचं तिकडे लक्ष गेलं नाही.

आपल्याच तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. शनीला मानणारे देशभरातून येतात, तेल वाहतात, आणि आपापल्या गावी परत जाऊन दाराला कुलूप घालतात. शिंगणापूरच्या माणसांनी मात्र पिढ्यानपिढ्या घराला दारच बसवलं नाही. त्यांची श्रद्धा आपली नाही, तो वाद इथे नको. पण मानणं आणि भिस्त ठेवणं यांतलं अंतर मला त्या उघड्या चौकटींनी जितकं समजावलं, तितकं चाळीस वर्षांच्या उपदेशांनी समजावलं नाही. देव आहे असं मानायला काही मोडावं लागत नाही. याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात म्हणतो की एवढं तर भुतंही मानतात, वर थरथरतातही. म्हणजे तुम्ही, मी आणि भुतं इथपर्यंत बरोबरीने आलो. पुढचा रस्ता निराळा.

नगर जिल्ह्यात असा प्रश्न निघाला की लोक ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांकडे धावतात. मी या वेळी पंडिता रमाबाईंकडे जातो, कारण ही वाट त्या डोळे उघडे ठेवून चालल्या आणि त्यांनी ती लिहूनही ठेवली. बाप्तिस्मा १८८३ मध्ये, इंग्लंडातल्या वाँटेजला. शास्त्राचं ज्ञान अफाट. परत येऊन १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. बाहेरून पाहणाऱ्याला ही बाई ख्रिस्ती म्हणून पुरी झालेली. पण १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या कबूल करतात की बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त लाभला नव्हता. ताई, हे वाक्य कोणा नवख्या बाईचं नाही. जिची विद्वत्ता पाहून कलकत्त्याच्या पंडितांनी तिला सरस्वती म्हटलं, तिचं आहे. तेव्हा तुमची आठ वर्षं थोडी लांबली म्हणून लाजू नका.

त्यांना जागं कोणी केलं? विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाच्या आत्मकथनाने. हे गृहस्थ कित्येक वर्षं पाळकी करून झाल्यावर, व्यासपीठावर उभे राहून उपदेश करता करता, स्वतःच पालटले. (आमच्यातल्या काही पाळकांना हा योग यावा अशी माझी जुनी प्रार्थना आहे.) रमाबाईंना ते वाचून कळलं की आपण ख्रिस्ताबद्दल सगळं काही मान्य केलं, पण आपलं ओझं अजून आपल्याच डोक्यावर आहे.

आता तेलाच्या बाटलीकडे येतो. इथे माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. जवळ होतं नव्हतं ते तीर्थयात्रा, दानधर्म, अनुष्ठानं यांत गेलं. १८७४ च्या सुमाराला दुष्काळात सारं कुटुंब उपाशी पडलं आणि थोड्याच महिन्यांत वडील, आई, थोरली बहीण, तिघंही गेली. देवाला दिलं की देव देतो, आणि देवाला द्यायचं ते त्याच्या माणसाच्या हातात, हा हिशेब रमाबाईंनी स्वतःच्या घरात भुकेने मरताना पाहिला. आपले पूर्वज ज्या हिशेबातून बाहेर पडले तो हाच. आणि आज आपल्याच लोकांनी तेच दुकान पाटीवर क्रूस रंगवून पुन्हा उघडलं आहे. तेव्हा दक्षिणा होती, आता ‘बी’ आहे. तेव्हा फळ आलं नाही तर विधीत खोट निघायची, आता तुमच्या विश्वासात खोट निघते. दुकानदाराचं कधीच काही चुकत नाही, हे दोन्हीकडे सारखं.

‘विश्वास उणा आहे’ हे वाक्य मी घरात ऐकलं आहे. माझ्या चुलत्यांनी अशाच एका सभेनंतर साखरेच्या गोळ्या बंद केल्या. गोळी घेणं म्हणजे देवावर अविश्वास, असं कोणी तरी त्यांच्या डोक्यात भरवलं. चार महिन्यांत पायाचं बोट काढावं लागलं. सभावाले पुन्हा आले तेव्हा चुलत्यांना म्हणाले, मधे कुठे तरी तुमचं मन डळमळलं असेल. चुलते भोळे, त्यांनी मान हलवली. मी तिथे असतो तर काय बोललो असतो ते या सदरात छापता येणार नाही. मालकांच्या गोळ्या आणि रक्ततपासणी यांत एक दिवसाचाही खंड पडू देऊ नका. लूक स्वतः वैद्य होता. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा कुठल्या एका धर्मापुरता नाही, हेही आपल्या मंडळ्यांतून कोणी तरी मोठ्याने सांगायला हवं. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणारा आणि त्याच्या उशाशी हालेलुया म्हणत बसून गाडी अडवणारा, यांत मला फरक दिसत नाही.

आणि उणा म्हणजे किती उणा? आपण नेवाशाची माणसं. प्रवरेकाठी तो खांब आहे, ज्ञानेश्वरांनी त्याला टेकून भावार्थदीपिका सांगितली असं आपण लहानपणापासून ऐकतो. टेकणाऱ्याची पाठ किती भक्कम होती असं कोणी विचारतं का? खांब भक्कम असला की झालं. उलट थकलेली पाठच टेकते. मार्काच्या नवव्या अध्यायातला तो बाप आठवा, ज्याच्या पोराला फेपरं यायचं. त्याने येशूसमोर एकाच दमात विश्वासही कबूल केला आणि अविश्वासही. येशूने त्याला आधी विश्वास पुरा करून ये म्हणून परत पाठवलं नाही. पोराला बरं केलं. तुम्हाला रात्री भीती वाटते याचा अर्थ भरवसा नाही असा होत नाही. भीती वाटत असतानाच टेकायचं असतं, भीती नसेल तर टेकायची गरज कोणाला?

पण भरवसा ठेवला म्हणजे मुलाला नोकरी लागेलच, असं मी लिहून देणार नाही. तसं लिहून देणारे तुम्हाला भेटले आहेतच. पुन्हा रमाबाईंकडे, केडगावला जाऊ. नगरचं केडगाव नव्हे, दौंडकडचं, जिथे रमाबाईंचं मुक्ती सदन आहे. जमीन त्यांनी घेतली ती फळबाग लावून संस्थेला कायमचं उत्पन्न व्हावं म्हणून. अमेरिकेतल्या मंडळाची मदत दहा वर्षांची, ती १८९८ मध्ये संपायची होती. म्हणजे हिशेब पक्का. आणि मधेच १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात जाऊन त्या शेकडो उपाशी मुली-विधवा घेऊन आल्या, तेव्हा त्यांना पोसायला पुरेल एवढं काही हाती नव्हतं. लहानपणी ज्या भुकेने आई-बाप नेले, ती भूक त्यांनी आपण होऊन घरात आणली, देवावर भिस्त ठेवून. नुसतं मानणाऱ्या माणसाने आधी बाग फळाला येऊ दिली असती. मात्र भिस्त ठेवली म्हणून त्या हात जोडून बसल्या नाहीत. मुली विणकाम शिकल्या, छापखाना चालवू लागल्या.

आणि १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. चाळिशीची, संस्थेचा सगळा भार उचलणारी. प्रार्थना काय कमी झाल्या असतील? त्या बाईंचा विश्वास उणा होता असं म्हणायची छाती त्या तेलवाल्यांची आहे का? रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम हातचं सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि त्यांच्या मुक्ती छापखान्यातलं ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं.

आता तुमच्या बारीकसारीक शंका. हरेगावला सप्टेंबरात यात्रेला जा, खुशाल जा. मंडळी वेगळी असली तरी मरीया काही कोणा एका मंडळीची नाही. मेणबत्ती लावा, मुलाचं नाव घ्या. पण ‘नोकरी दे, मग अमुक करीन’ हा सौदा तिथेच सोडून या. सौदा मोडला म्हणून कोप होईल अशी धास्ती बाळगू नका, कोप करणारी ती बाई नाही. गेलेल्या दोन हजारांच्या मागे लागू नका, पण पुढचे दोन हजार त्यांना देऊ नका. मालकांच्या औषधाला लागतील.

मुलाला रोज रात्री फोन करून ‘काही लागलं का’ विचारता ना? पत्रात लिहिलं नाहीत, पण आईला ओळखायला पत्र लागत नाही. आठवडाभर ते विचारू नका. जेवलास का, एवढंच विचारा. नोकरीचं देवाकडे बोला, आणि एकदा बोलून झालं की दिवा मालवा. पहिल्या दोन रात्री झोप येणार नाही. तिसऱ्या रात्रीचं मला कळवा.

राहिली ती बाटली. झाकण उघडून वास घ्या. खोबरेल असेल तर केसांना लावा.