धरसोड

‘कॅच अँड रिलीज’ला मराठीत काय म्हणावं? मासा गळाला लावायचा, दमवून जवळ आणायचा, क्षणभर हातात धरायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. शब्द तर तयारच आहे: धरसोड. पण तो लिहिताना भाषांतरकाराचा हात अडखळतो, कारण आपल्याकडे धरसोड हा काही गुण नव्हे. ज्याचं मन ठरत नाही, त्याची वृत्ती धरसोडीची. हा शब्द टाकून देण्याआधी तो काही सांगतोय का, हे ऐकून घ्यायला हवं.

दुसरा शब्द ‘मासेमारी’. इंग्रजी ‘फिशिंग’मधून माशाचं पुढे काय झालं ते कळत नाही, मराठीत मारणं शब्दातच आहे. कोकणातल्या खाडीवर कुणी गरी टाकून बसलेला असो की पाग फेकणारा, मासा घरी जाणार आणि कालवणात पडणार हे गृहीत असतं. त्याचा अपराध कुणाला वाटत नाही, आणि आपण काही पुण्य केलं असंही कुणी समजत नाही.

उथळ खाऱ्या पाण्यातल्या फ्लाय फिशिंगची तऱ्हा वेगळी. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून कोळंबीचा किंवा बारक्या मासळीचा आभास निर्माण करायचा. या आमिषाला वजन जवळजवळ नसतंच; ते जाड दोरीच्या वजनावर फेकलं जातं. मासा अनेकदा आधी डोळ्यांनी हेरावा लागतो. थंडी ओसरून फाल्गुन-चैत्राचं ऊन पाण्यात उतरतं, तेव्हा गुडघाभर पाण्यात तासन्‌तास उभा राहणारा माणूस भरती-ओहोटी, वारा आणि तळाचा रंग वाचायला शिकतो. फ्लोरिडा आणि बहामाच्या किनाऱ्यांवर वाढलेल्या या छंदाचे हौशी आता आपल्याकडेही, विशेषतः अंदमानात, आहेत. त्यांचं लक्ष खरं असतं. खाडीत भराव पडला, कांदळवन तुटलं, तर ते त्यांना आधी दिसतं.

सोडून देण्यामागे शहाणपणही आहे. रायगडातला जिताडा, गोव्यातला चोणक, साधारणपणे नर म्हणून प्रौढ होतो आणि पुढे मादी होतो. म्हणजे सर्वांत मोठा, फोटोत सर्वांत शोभणारा जिताडा बहुधा अंडी घालणारी मादी असतो. तिला सोडणं म्हणजे पुढची पिढी राखणं. उलट्या काट्याविना गळ वापरणं, मासा पाण्याबाहेर फार वेळ न ठेवणं, हे नियमही त्यासाठीच.

पण इथे एक गोष्ट नजरेआड होते. राखली जाते ती जात. ओढ बसते ती या माशाच्या ओठाला. लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवलं, की ट्राउट माशाच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजेची जाणीव टिपणारे चेतातंतू असतात, आणि ओठाला दाहक द्रव टोचला की काही मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासतात. याला वेदना म्हणावं का, हा वाद मिटलेला नाही. पण शंकेचा फायदा कुणाला द्यायचा, हा प्रश्न प्रयोगशाळा सोडवणार नाही.

कायदा या प्रश्नाकडे कारणाच्या बाजूने पाहतो. आपला प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा. माणसाखेरीज कुठलाही सजीव म्हणजे प्राणी, ही त्याची व्याख्या. तीत मासाही आला. अन्नासाठी मारण्याला तो मुभा देतो, मात्र अनावश्यक यातना न देण्याच्या अटीवर. जर्मनीत सयुक्तिक कारणाशिवाय प्राण्याला वेदना देता येत नाहीत, म्हणून केवळ सोडून देण्यासाठी मासा पकडणं तिथे सामान्यतः बेकायदा मानलं जातं. ऐकताना उफराटं वाटतं: खाल्लास तर ठीक, सोडलास तर गुन्हा! पण त्यात एक तर्क आहे. सोडण्याने धरण्याचं कारण पुरवलं जात नाही.

जुन्या दिल्लीत हा फरक हाकेच्या अंतरावर पाहता येतो. जामा मशिदीजवळ पक्ष्यांचा बाजार आहे, आणि पिंजऱ्यातला पक्षी विकत घेऊन पुण्यासाठी सोडण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. सोडणारा गिऱ्हाईक आहे म्हणून पारध्याचा फासाही चालू राहतो. तिथून जवळच, लाल किल्ल्यासमोरच्या जैन मंदिराच्या आवारात पक्ष्यांचं रुग्णालय आहे. बरा झालेला पक्षी तिथूनही आकाशात सोडला जातो. दोन्हीकडे उघडणारा हात सारखाच दिसतो. पण ज्याला आपण पकडलं नाही त्याला मोकळं करणं ही दया. आपणच पकडलेल्याला मोकळं करणं ही फार तर परतफेड.

मग खाणारा वरचढ ठरला का? आयएनए मार्केटात बर्फावर मांडलेली सुरमई विकत घेणाऱ्या दिल्लीकराच्या भुकेत हौसेचा वाटा बराच असतो. कोळ्याच्या पोटाचं कारण त्याला उसनं घेता येत नाही. माशाला निवड दिली, तर तो कढईपेक्षा सुटकाच पत्करेल, यातही शंका नाही. त्यामुळे खाणाऱ्याने गळवाल्याला क्रूर म्हणण्यात अर्थ नाही.

गळवाल्याकडून एकच मागता येईल: त्याने सोडण्याला दया म्हणू नये. मासा आपल्या आनंदासाठी धरला आणि तो देणं लागतो म्हणून सोडला, एवढं कबूल करावं. मासा आपल्यासारखा जीव आहे की आपलं खेळणं, हे ज्याचं अजून ठरलेलं नाही, त्याच्या कृतीला मराठीत अचूक शब्द आहे. मी तो खोडणार नाही.