बघ्यांतला मी

सिनेमावर लिहायला बसलोय म्हणून आधीच सांगून टाकतो, मला सिनेमातलं काही कळत नाही. मी दहावी नापास माणूस. सूतगिरणीत साचा खात्यात आहे, ठेकेदाराच्या हजेरीवर. कॅमेरा कुठं ठेवला, उजेड कसा पाडला हे सांगणारे विद्वान पुष्कळ आहेत. त्यांचं पोट त्यावर चालतं, माझं धाग्यावर चालतं. पाळी सुटली, अंगावरचा कापूस झटकला की खोलीवर पडल्या पडल्या फोनवर सिनेमा बघतो, झोप येईपर्यंत. गेल्या महिना-दीड महिन्यात असे सात-आठ बघितले, नवे-जुने मिसळून. त्यातून एक प्रश्न डोक्यात घुसला तो निघेना. प्रश्न सिनेमाचा नाही, बघण्याचा आहे. नुसतं बघणं हा गुन्हा असू शकतो का?

मित्रांनो, आधी आपल्याला पडद्यावर कसं घेतलं ते बघू.

१९३६ साली 'अछूत कन्या' आला. देविका राणी अस्पृश्याची पोर, अशोककुमार ब्राह्मणाचा पोरगा. शेवटी मरतं कोण? ती. रेल्वेच्या फाटकाशी. १९५९ साली बिमल रॉय यांचा 'सुजाता'. ब्राह्मणाच्या घरात वाढलेली अस्पृश्य पोरगी. घरातल्या बाईला तिची जात काही गिळवत नाही. मग बाई जिन्यावरून पडते, रक्त लागतं, ते नेमकं सुजाताचं जुळतं. रक्त दिलं आणि पोरगी 'आपली' झाली. २००१ साली 'लगान'. त्यातल्या अस्पृश्याचं नावच कचरा. त्याचा हात वाकडा, म्हणून चेंडू वळतो, म्हणून त्याला संघात घेतात.

पासष्ट वर्षं झाली, पण आत शिरायचा आपला दर तोच. मर, नाहीतर रक्त दे, नाहीतर कामाला ये. चेंडू वळला नसता तर? रक्त जुळलं नसतं तर? बिनकामाचा, वाकडं बोलणारा, कुणाच्याही उपयोगी न पडणारा आपला एखादा माणूस माणूस नाही काय? मी असं म्हणत नाही की ही मंडळी दुष्ट होती. नूतनचा चेहरा बघून मी पण गलबललो. पण दया करायची तर समोर कुणीतरी पडलेलं लागतं, आणि दया करणारा मात्र खुर्चीवरून उठत नाही. डोळे पुसतो, घरी जातो, आपण किती चांगले असं वाटून झोपतो.

अलीकडे तर एवढंही नको झालंय. 'सैराट'चा हिंदी 'धडक' २०१८ साली काढला, त्यात जातीचं हाड काढून नुसतं मांस ठेवलं. २०२५ साली 'फुले' सिनेमा आला, तेव्हा सेन्सॉरनं महार, मांग, पेशवाई हे शब्द काढायला सांगितले. म्हणजे बघा, पण नाव घेऊ नका.

आता दोन दगडांची गोष्ट सांगतो.

पहिला दगड १९७४ सालचा. श्याम बेनेगल यांचा 'अंकुर'. तेलंगणातला जमीनदाराचा पोरगा दलित मोलकरणीला, लक्ष्मीला, ठेवतो. तिच्या पोटात त्याचं पोर वाढतं. तिचा मुका-बहिरा नवरा परत येतो. कामाच्या आशेनं जमीनदाराकडं जातो, तर हा भेकड त्याला चाबकानं फोडून काढतो. लक्ष्मी भर लोकांत त्याला शिव्याशाप देते. शेवटी एक बारकं पोरगं दगड उचलतं, जमीनदाराच्या खिडकीची काच फोडतं, आणि पडदा लाल होतो. मी खोलीवर एकटाच ओरडलो, शाब्बास! दगड बरोबर जागी लागला. कारण ती काच माझी नव्हती.

दुसरा दगड नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तला. तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. १४ फेब्रुवारी २०१४ ला तो थिएटरात आला. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. आमच्या आळीतली पोरं टेम्पो करून तालुक्याला गेलो होतो. जब्याचं घर डुक्कर धरतंय, गाव कडेनं बसून हसतंय, ज्या शालूवर जब्याचा जीव ती पण त्या हसणाऱ्यांत आहे. मध्येच शाळेत राष्ट्रगीत लागतं, सगळे जागच्या जागी खिळतात, डुक्कर निघून जातं. शेवटी धरलेलं डुक्कर काठीला बांधून जब्याच्या घरचे शाळेच्या भिंतीकडून चालतात आणि भिंतीवर बाबासाहेब आहेत. टेम्पोतून येताना कुणी बोललं नाही. मला वाटलं, जब्या म्हणजे मीच. माझ्या हातात दगड आहे. आता मी कुणाला तरी मारणार.

अकरा-बारा वर्षं मी असंच समजत होतो.

परवा तिसऱ्या पाळीला, रात्री जेवणाच्या सुट्टीत, 'फँड्री' पुन्हा लावला. आमच्या खात्यात झाडू मारायला एक मावशी आहे, कैकाडी समाजाची. ती भाकरी सोडता सोडता फोनमध्ये डोकावली. म्हणाली, "आरं, ह्ये तर आमचंच की. फँड्री म्हंजी डुक्कर, आमच्या भाषेत." मी म्हटलं, "मावशी, लई भारी सिनेमा आहे, बघ." तिनं घटकाभर बघितलं. डुक्कर धरायचं चाललं होतं. मग म्हणाली, "ह्यात काय बगायचं? आमी जल्मभर केलं ह्ये. गाव असंच हसायचं. तुमची पोरं बी हसायची." आणि भाकरी खायला लागली. रागानं नाही म्हणाली. उन आहे, पाऊस आहे, तसं म्हणाली.

तुमची पोरं बी.

त्या पाळीला माझे चार धागे जास्तच तुटले. कारण मला एक चौदा एप्रिल आठवला. २०१९ सालचा. मिरवणूक निघायची होती, गुलाल-निळीची पोती फुटलेली, आणि विहारापुढच्या मंडपात एक डुक्कर घुसलं. आमच्यातलाच कुणीतरी ओरडला, "अरे, त्या पालावरच्या पोराला बोलवा." पोरगं आलं. माझ्याच वयाचं, शाळेत दोन वर्षं माझ्या वर्गात होतं. ते डुकरामागं मंडपभर पळालं, खुर्च्यांत अडकलं, गटारीत पडलं. आम्ही हसलो. निळा फेटा बांधून हसलो. एकानं फोनवर काढून ग्रुपवर टाकलं, मी त्याला हसायचं चित्र जोडलं. नंतर जेवणाच्या पंगती बसल्या. ते पोरगं गटारीच्या वासाचं तसंच उभं. कुणीतरी त्याला कागदाच्या ताटलीत भात दिला आणि म्हटलं, "तिकडं बाजूला बस." ते बाजूला बसलं. मी बघितलं.

मी काही केलं नाही. दगड मारला नाही, शिवी दिली नाही. मी फक्त बघितलं.

आणि आता कळलं की जब्याचा दगड कुठं येतो. तो गावातल्या टवाळाच्या दिशेनं सुटतो, पण येतो सरळ पडद्यातून बाहेर, आपल्या तोंडावर. २०१४ साली मी तो दगड माझ्या हातात बघितला, कारण मी चुकीच्या जागी बसलो होतो. माझी जागा कडेच्या हसणाऱ्यांत होती.

बाबासाहेबांनी हे आपल्याला कधीच सांगून ठेवलंय. ही व्यवस्था साधी वर-खाली अशी नाही. तिला पायऱ्या आहेत, आणि प्रत्येकाला लाथ मारायला एक खालची पायरी दिलेली आहे. म्हणून वरच्याविरुद्ध सगळे एक होत नाहीत. श्रेणीबद्ध विषमता हा शब्द आपण भाषणात सटासट फेकतो. पण भाषण करताना आपण नेहमी वर बघून बोलतो. खालच्या पायरीवर कोण आहे, हे बघायला मान वाकवावी लागते.

आता तुमच्यातला एखादा म्हणेल, अरे, आठ तास राबून माणूस दोन तास सिनेमा बघतो. तिथं पण डोक्यावर ओझं का? शिट्टी मारू दे की. मला हे मान्य आहे. मी पण शिट्टी मारतो. 'काला' २०१८ साली आला. रजनीकांत काळ्या कपड्यांत, धारावी त्याची, पांढऱ्या कपड्यांतला नाना पाटेकर त्याचा वैरी. शेवटी काळा, लाल, निळा रंग उधळला तेव्हा मी खुर्चीवर उभा राहिलो होतो. 'सैराट'ला पडद्यापुढं नाचलो पण. आपल्या माणसांनी नाचू नये, फक्त रडावं, हे पण प्रस्थापितांनीच ठरवलेलं आहे. आपल्याला हसायचा हक्क आहे. प्रश्न इतकाच, हसताना समोर गटारीत कोण पडलंय?

दुसरा म्हणेल, बघणाऱ्याचा काय दोष? करणारा वेगळा, बघणारा वेगळा. यावर मला माझ्या कामातलंच सांगता येईल. साच्यावर मला पगार बघायचाच मिळतो. शेकडो चात्या फिरत असतात, मी फेऱ्या मारत बघत असतो. धागा तुटला की सांधायचा. डोळ्यानं बघितलं आणि हात गेला नाही, तर 'मी तोडला नाही साहेब, मी फक्त बघत होतो' हे जॉबर ऐकून घेईल काय? तिथं बघणं आणि सांधणं हे एकच काम आहे. गिरणीत जे एका धाग्याबद्दल खरं, ते माणसाबद्दल खोटं कसं?

आणि बघ्यांचा हिशेब कोर्टात पण लागतो. 'फँड्री' थिएटरात येऊन अडीच महिने होत होते. २८ एप्रिल २०१४. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, खर्डा गावी आपल्या एका सतरा वर्षांच्या पोराला मारून झाडाला टांगलं. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो म्हणून, असं फिर्यादीत होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले होते. म्हणजे कोर्टापुढं कुणीच काही बघितलेलं नव्हतं. डोळे तेच असतात. तोंड उघडलं तर साक्षीदार, मिटलं तर बघ्या. आपण खर्ड्याच्या फितूर साक्षीदारांवर मोर्चे काढले, ते बरोबरच केलं. पण त्या मंडपात मी फितूर झालो होतो, त्याचा मोर्चा कोण काढणार?

गेल्या रविवारी सुट्टी होती. मी पालावर गेलो. तो वीटभट्टीवर जातो आता, लग्न झालंय, डुकरं कधीच विकली. मी आडवळणानं तो विषय काढला. तो म्हणाला, "कवाची गोष्ट? न्हाई बा ध्यानात." खरंच विसरला की मला सोडवलं, कळलं नाही. चहा दिला. मी प्यालो. चहा प्याल्यानं काही फिटलं असं मी समजत नाही. माफी मागायची म्हणून गेलो होतो, तीही धड मागता आली नाही. ग्रुपवरचं ते चित्रीकरण अजून कुणाकुणाच्या फोनमध्ये असेल.

१९२७ साली महाडला आपले आजे-पणजे चवदार तळ्यावर गेले, ते तहान लागली म्हणून नव्हे. आम्ही पण माणूस आहोत, ही बरोबरी मांडायला गेले. त्या बरोबरीत 'आम्ही' म्हणजे कोण, हे आपल्याच पंगतीत दरवर्षी ठरतं. पुढच्या जयंतीच्या मीटिंगला मी एकच मागणी मांडणार आहे. पंगत पालावरच्यांना बोलावून बसवायची, शेजारी-शेजारी, आणि वाढायला त्यांच्यातलेही हात असले पाहिजेत. दया म्हणून नको. त्यांनी डुक्कर हुसकलं म्हणून पण नको. काही न करता. काहीजण हसतील. एखादा म्हणेल, हा कवी झालाय. म्हणू दे.

तुमच्या आळीत, तुमच्या मंडपात बाजूला कोण बसतं, ते बघा. आणि बघितलंत, तर जागेवरून उठा.

जयभीम.