श्रीकृष्णाची मुद्रा कोणाची?

१९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या बी. आर. चोप्रा यांच्या ‘महाभारत’ मालिकेत नितीश भारद्वाज यांनी साकारलेला श्रीकृष्ण खरा, की २०१३ च्या मालिकेतील सौरभ राज जैन यांचा, हा प्रेक्षकांमधील तंटा वरकरणी पात्रनिवडीचा दिसला, तरी त्याचे मूळ सगुणोपासनेच्या गाभ्यातच आहे. कारण ज्या मुद्रेवर भक्ताचे चित्त एकदा स्थिरावले, ती त्याला साक्षात देवाचीच वाटू लागते. त्या श्रद्धेची अवहेलना माझ्याने होणार नाही. परंतु प्राणप्रतिष्ठेइतक्याच आदराने विसर्जनही सांगणाऱ्या आपल्या परंपरेला कोणा एका नटाच्या देहास ईश्वरत्वाची कायमची सनद बहाल करणे मंजूर नाही. म्हणून वाचकहो, नव्या नटाला जुन्या चेहऱ्याच्या मापाने मोजू नका. त्याच्या वाणीत गीतेचा विवेक उतरला आहे की नाही, एवढेच पाहा.