कोऱ्या बर्फावरचा हक्क

गुलमर्गला नवा बर्फ पडला की स्कीपटूंची पावले अफरवत शिखराकडे वळतात. 2005 पासून रोपवे त्यांना 3,900 मीटरहून अधिक उंचीवर पोहोचवतो. पुढे असतो कोणाचीही रेघ न उमटलेला भुसभुशीत बर्फ. आनंद त्याचाच आणि धोकाही त्याचाच. ताजा थर खालच्या जुन्या थराला नीट धरलेला नसतो; एका माणसाच्या भारानेही अख्खा उतार सुटू शकतो. 1 फेब्रुवारी 2023 रोजी अफरवतवर बर्फाचा कडा कोसळून दोन पोलिश स्कीपटू मरण पावले. 19 परदेशी पर्यटकांना वाचवण्यात आले.

‘जीव माझा, जोखीम माझी’ असे म्हणण्याचा हक्क माणसाला आहेच. पण हे म्हणणे पुरते खरे आहे काय? बर्फाखाली गाडलेल्याच्या हाती जेमतेम दहा-पंधरा मिनिटे असतात. त्याला शोधायला धावणारा त्याच उतारावर पाय ठेवतो, आणि त्याची मर्जी कोणी विचारलेली नसते.

आणि स्थानिक वाटाड्या? त्याची रोजी हिवाळ्याच्या थोड्या आठवड्यांवर चालते. जानेवारी 2024 मध्ये तर गुलमर्ग बर्फाविना कोरडेच होते. अशा दिवसांनंतर आलेल्या गिऱ्हाइकाला ‘आज वर नको’ म्हणायला त्याने कुठून बळ आणावे?

ते बळ पर्यटकानेच द्यायला हवे. अर्ध्या वाटेवरून परतावे लागले तरी दिवसाची पूर्ण मजुरी मिळेल, असे त्याने सकाळीच सांगावे. ज्याला नकार परवडतो, त्याच्याच होकारावर विश्वास ठेवता येतो.